दिसतं तसं नसतं: स्ट्रिंग हाताळायला शिकताना

एका मराठी फाइलीत 'ॲप' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजणारा चार ओळींचा प्रोग्राम मी एकदा लिहिला होता. फाइल उघडली की शब्द समोर, अगदी पहिल्याच ओळीत. प्रोग्रामचं उत्तर मात्र शून्य. लूप तपासला, फाइलचं नाव तपासलं, शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. चूक यांतल्या कशातच नव्हती. कुठे होती ते पुढे सांगतो, कारण ती कळायला आधी दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात.

स्ट्रिंग म्हणजे प्रोग्राममधला मजकूर, चिन्हांची एक ओळ. उदाहरणं पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली आहेत, पण लेखात कोड वाचून दाखवल्यासारखा देवनागरीत लिहिलाय. तुम्ही टाइप करताना फंक्शनची नावं आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरंच देवनागरीत चालतात; नाव = 'सीमा' ही ओळ जशीच्या तशी टाकून बघा. मोठ्या कामात असं करा असं मी म्हणणार नाही, पण शिकताना मजा येते.

पायरी १: अवतरणचिन्हं नीट घाला

एकेरी की दुहेरी, पायथनला फरक पडत नाही. ज्यानं सुरू केलं त्यानंच बंद करायचं, एवढंच. मजकुरात एकेरी चिन्ह येणार असेल तर बाहेर दुहेरी वापरा. नवशिक्यांना खरा त्रास होतो तो बाक असलेल्या अवतरणचिन्हांचा. वर्डसारख्या ठिकाणाहून कोड कॉपी केला की सरळ चिन्हांच्या जागी गोलसर वळलेली चिन्हं येतात. वाचायला सुंदर, पायथनला अमान्य. सिंटॅक्स एरर (कोडची लिखावट चुकल्याची तक्रार) आली आणि ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल, तर आधी अवतरणचिन्हं खोडून हातानं पुन्हा टाइप करा.

दुसरा खड्डा बॅकस्लॅशचा. बॅकस्लॅश आणि एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश आणि टी म्हणजे टॅब. विंडोजमधला फाइलचा पत्ता स्ट्रिंगमध्ये लिहिलात आणि एखाद्या फोल्डरचं नाव एन किंवा टी नं सुरू होत असेल, तर पत्ता मधेच तुटतो. अवतरणचिन्हाआधी आर हे अक्षर लावा, मग बॅकस्लॅश साधा बॅकस्लॅश राहतो.

पायरी २: आधी आत बघा, मग दुरुस्त करा

प्रिंट तुम्हाला मजकूर दाखवतो, पण मागची स्पेस, टॅब, ओळीचा शेवट यातलं काही दाखवत नाही. त्यासाठी रेप्र आहे. प्रिंट(रेप्र(नाव)) म्हटलं की स्ट्रिंग अवतरणचिन्हांसकट समोर येते. 'सीमा ' मधली शेवटची स्पेस दिसते, नवी ओळ बॅकस्लॅश-एन म्हणून दिसते, आणि जी चिन्हं मुळात अदृश्य आहेत ती त्यांच्या क्रमांकासह उघडी पडतात. दोन स्ट्रिंग सारख्या दिसतायत पण जुळत नाहीत, असं झालं की मी सगळ्यात आधी हेच करतो. त्यानंही उलगडा झाला नाही तर एकेका चिन्हावर ऑर्ड चालवा. तो त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या क्रमांकपट्टीतला क्रमांक, देतो. 'क' चा २३२५, 'अ' चा २३०९.

पायरी ३: लांबी म्हणजे नेमकं काय

इथं थोडं थांबायला हवं.

लेन('मराठी') किती? आपल्याला तीन अक्षरं दिसतात: म, रा, ठी. उत्तर येतं ५, कारण काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं म्हणून साठवली जातात: म, र, काना, ठ, वेलांटी. युनिकोडच्या भाषेत या प्रत्येकाला कोड पॉइंट म्हणतात. 'क्षमा' मध्ये दिसायला दोन अक्षरं, पण कोड पॉइंट पुन्हा ५: क, पाय मोडण्याचं चिन्ह, ष, म आणि काना.

हीच स्ट्रिंग फाइलमध्ये गेली की तिसरी मोजणी सुरू होते, ती बाइटची, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककाची. १९६० च्या दशकातल्या आस्की पद्धतीत १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही नियंत्रण खुणांमध्ये संपल्या. जगातल्या सगळ्या लिप्या एका क्रमांकपट्टीत बसवायला युनिकोड आलं, आणि ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची आज सर्वाधिक चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला ३. म्हणजे 'मराठी' हा शब्द दिसायला ३, लेनच्या हिशेबानं ५ आणि फाइलमध्ये १५.

याचा उपयोग कुठे? डेटाबेसच्या रकान्यात "५० पर्यंत" अशी मर्यादा असते तेव्हा ते ५० कोड पॉइंट की ५० बाइट, हे आधी विचारा. बाइट असतील तर मराठीत सोळाच चिन्हं मावतात. मजकूर कापतानाही तेच. 'क्षमा'[:२] म्हटलं तर हातात 'क्' उरतो, पाय मोडलेला. 'मराठी' उलटी केली तर वेलांटी सगळ्यात पुढे येते आणि तिला बसायला अक्षरच नसतं. पडद्यावर ती ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते. स्ट्रिंग उलटी करण्याचा सराव सगळीकडे देतात, तो इंग्रजी शब्दांवरच करा.

दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे कापायचं असेल तर पायथनसाठी रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी मिळते. फक्त जोडाक्षर एक धरायचं की दोन, याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली बदलला, त्यामुळे जुनी आणि नवी आवृत्ती वेगळं उत्तर देऊ शकते. आपल्या शब्दांवर चालवून बघा.

जावास्क्रिप्ट आणि जावा तर आणखी वेगळं मोजतात. तिथं बहुतेक इमोजींची लांबी निदान २ भरते.

पायरी ४: दारातच साफ करा

बाहेरून आलेली प्रत्येक स्ट्रिंग, मग ती कोणी टाइप केलेली असो की फाइलमधली, आत घेतानाच स्वच्छ करा. पन्नास ठिकाणी स्ट्रिप लिहिण्यापेक्षा एकदा दारात लिहिलेला बरा.

नाव.स्ट्रिप() दोन्ही टोकांच्या स्पेस, टॅब आणि नव्या ओळी काढतो. पण ही ओळ एकटी लिहिली तर काहीच होत नाही! पायथनमध्ये (आणि जावा, जावास्क्रिप्टमध्येही) स्ट्रिंग बदलता येत नाही. प्रत्येक फंक्शन नवी स्ट्रिंग बनवून देतं, जुनी तशीच राहते. म्हणून नाव = नाव.स्ट्रिप() असं लिहायचं. रिप्लेस, अपर, लोअर सगळ्यांना हाच नियम. नवशिक्यांच्या कोडमध्ये मला सर्वाधिक वेळा दिसणारी चूक ही आहे, आणि पायथन तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मधल्या जादा स्पेस काढायच्या असतील तर ' '.जॉइन(नाव.स्प्लिट()) ही जुनी युक्ती आहे. कंसात काही न देता स्प्लिट केलं की तो कितीही स्पेस एकत्र मोजतो. मग एकेका स्पेसनं पुन्हा जोडा. स्प्लिट(' ') असं स्पेस देऊन लिहिलंत तर मात्र प्रत्येक जादा स्पेसमागे एक रिकामी स्ट्रिंग पदरात पडते.

आता एक गंमत. नावांपुढचं 'श्री ' काढायचंय म्हणून कोणी नाव.एलस्ट्रिप('श्री ') लिहितं. बऱ्याच नावांवर बरोबर चालेल. मग येईल 'श्री शशी', आणि उत्तर येईल रिकामी स्ट्रिंग. शशी गायब! कारण एलस्ट्रिपला दिलेला मजकूर तो शब्द म्हणून घेत नाही, चिन्हांचा संच म्हणून घेतो: श, पाय मोडण्याचं चिन्ह, र, वेलांटी, स्पेस. डावीकडून यातलं जे जे भेटेल ते खात सुटतो, आणि 'शशी' मध्ये श आणि वेलांटीशिवाय आहेच काय? यासाठी रिमूव्हप्रीफिक्स वापरा. ते पायथन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे.

स्ट्रिपला न दिसणारी घाणही असते. शून्य रुंदीची स्पेस तो काढत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती स्पेस नाहीच. वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात ती सापडते. रेप्रनं शोधा, रिप्लेसनं काढा.

पायरी ५: एकच शब्द, दोन लिखाणं

आता तो 'ॲप'. युनिकोडमध्ये ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. पण काही कीबोर्डवर लोक अ टाइप करून त्यावर वेगळी चंद्रकोर देतात: अॅ. पडद्यावर बहुधा सारखंच दिसतं. पहिल्या रीतीनं 'ॲप' ची लांबी २, दुसऱ्या रीतीनं ३. माझ्या प्रोग्राममध्ये एक होतं, फाइलमध्ये दुसरं.

अशा दुहेरी रूपांसाठी नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइज फंक्शनला 'एनएफसी' हे रूप सांगितलं की समान मानलेली रूपं एकसारखी होतात. 'दऱ्या' मधला ऱ एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा ठिपका) असाही. एनएफसी दोन्ही एका रूपात आणतो. ॲ ला मात्र त्याचा उपयोग नाही. युनिकोड त्या दोन रूपांना समान मानत नाही, त्यामुळे तिथं स्वतःच रिप्लेस लिहावा लागतो.

'दऱ्या' ची तिसरीही रीत आहे: र, पाय मोडण्याचं चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि पुढे या. जुन्या मराठी मजकुरात ही भरपूर सापडते. इथं एक इशारा. "अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा" असं समजून कोणी ती सरसकट उडवतं. हे जोडचिन्ह उडालं की दऱ्याचा दर्या होतो! डोंगरातल्या खोल दऱ्या थेट समुद्र बनतात. म्हणून आधी र, पाय आणि जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि पाय घाला, मग उरलेल्या अदृश्य चिन्हांचं काय करायचं ते ठरवा.

पायरी ६: कापणं आणि जोडणं

तारीख = '२०२४-०८-१५' असेल तर तारीख[:४] वर्ष देते, तारीख[५:७] महिना, तारीख[-२:] दिवस. मोजणी शून्यापासून, आणि शेवटचा क्रमांक धरला जात नाही. ५:७ म्हणजे ५ आणि ६. हे विचित्र वाटतं, पण ७ वजा ५ बरोबर २ चिन्हं मिळतात, हा हिशेब एकदा अंगवळणी पडला की बोटं मोजावी लागत नाहीत.

'वेळ: १०:३०' ही ओळ विसर्गासारख्या त्या चिन्हावर स्प्लिट केली तर तीन तुकडे होतात, कारण वेळेतही तेच चिन्ह आहे. पहिल्याच ठिकाणी कापायचं असेल तर पार्टिशन वापरा. तो नेहमी तीनच गोष्टी देतो: आधीचा भाग, चिन्ह, नंतरचा भाग. चिन्ह सापडलं नाही तरीही तीनच, शेवटच्या दोन रिकाम्या.

सीएसव्ही फाइल (जिच्यात रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेले असतात) स्वल्पविरामावर स्प्लिट करू नका. पत्त्यात स्वल्पविराम असतो, तो अवतरणचिन्हांत घातलेला असतो, आणि तुमच्या स्प्लिटला त्याचा पत्ता नसतो. पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल हे काम नीट करतं.

जोडताना: दोन-चार तुकडे असतील तर अधिक चिन्ह किंवा एफ-स्ट्रिंग. एफ-स्ट्रिंग (अवतरणचिन्हाआधी एफ लावलेली, मधेच व्हेरिएबल बसवता येणारी स्ट्रिंग) २०१६ मधल्या पायथन ३.६ पासून आहेत आणि वाचायला सगळ्यात सोप्या. हजारो तुकडे असतील तर ते यादीत गोळा करून शेवटी एकदाच जॉइन करा. यादीत एखादा आकडा असला तर जॉइन अडून बसतो. आधी त्याची स्ट्रिंग करा.

डेटाबेसला द्यायची आज्ञा, म्हणजे क्वेरी, मात्र एफ-स्ट्रिंगनं कधीही बांधू नका. वापरणाऱ्यानं नावाच्या जागी क्वेरीचाच तुकडा टाइप केला तर तो चालवला जाईल. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. क्वेरीत जागा राखून ठेवायची आणि त्या जागी भरायचा मजकूर वेगळा द्यायचा, प्रत्येक डेटाबेस लायब्ररीत ती सोय असते.

पायरी ७: शोधणं, जुळवणं, क्रम लावणं

"आहे का" एवढंच हवं असेल तर इन वापरा. फाइंड वापरलात तर लक्षात ठेवा, न सापडल्यास तो -१ देतो आणि अगदी सुरुवातीला सापडल्यास ०. इफ वाक्य.फाइंड('म') असं लिहिलं तर सगळं उलटं होतं: ० म्हणजे खोटं, -१ म्हणजे खरं.

इंग्रजी मजकूर लहान-मोठ्या लिपीकडे दुर्लक्ष करून जुळवायचा तर दोन्ही बाजूंना केसफोल्ड लावा. लोअर बहुतेकदा पुरतो, पण जर्मनसारख्या भाषांत चुकतो.

नावात फक्त अक्षरं आहेत ना, हे तपासायला इझअल्फा छान वाटतो. 'कमल' ला तो होकार देतो. 'सीमा' ला नकार! कारण वेलांटी आणि काना त्याच्या दृष्टीनं अक्षरं नाहीत. पायथनच्या री मॉड्यूलमधलं शब्दासाठीचं चिन्ह, बॅकस्लॅश-डब्ल्यू, असंच वागतं. 'मराठी' चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करून देतं. मराठी शब्द वेगळे करायचे असतील तर स्पेसवर कापा आणि टोकांची विरामचिन्हं काढा.

सॉर्ट कोड पॉइंटच्या क्रमानं लावतो. त्यामुळे '१०' हा '९' च्या आधी येतो. आकडे असतील तर आधी इंट करा. मराठी शब्दांचा क्रमही थोडा बिघडतो. वर्णमालेत ळ हा ह नंतर म्हणतात, युनिकोडच्या पट्टीत तो ल आणि व च्या मधे बसलाय. आणि आपला ॲ पट्टीच्या इतका शेवटी आहे की 'ॲप' हा 'हत्ती'च्याही मागे जातो. शब्दकोशासारखा क्रम हवा असेल तर आयसीयू नावाची लायब्ररी भाषेप्रमाणे क्रम लावते.

पायरी ८: अंक, फाइल आणि दुसऱ्या भाषा

इनपुटकडून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं, आकडा दिसला तरी. पायथनमध्ये '५' + ३ म्हटलं तर एरर येते, हे चांगलंच आहे. जावास्क्रिप्ट गुपचूप '५३' देते आणि वजाबाकी केलीत तर २. पायथनचा इंट देवनागरी अंकही समजतो, इंट('१२३') बरोबर चालतं. पण '१,२००', '१२.५' किंवा रिकामी स्ट्रिंग दिली तर एरर. आधी तपासण्यापेक्षा ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आली तर काय करायचं ते सांगणाऱ्या रचनेत) टाका. इझडिजिटवर विसंबू नका. वर्ग दाखवणाऱ्या छोट्या दोनलाही तो हो म्हणतो आणि इंट तिथं कोलमडतो. फोन नंबर, ओळख क्रमांक कधीच इंट करू नका. पुढची शून्यं जातात, आणि त्यांची बेरीज कोणी करणार नसतं.

फाइल उघडताना एन्कोडिंग (बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहा. नाहीतर काही संगणकांवर चालेल, काहींवर देवनागरीच्या जागी टोपी-रेघा घातलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं दिसतील. तो कचरा ओळखीचा झाला की उपाय सुचतो: देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, म्हणून तेच तेच दोन-तीन आकार पुन्हा पुन्हा येतात. असं दिसलं तर मजकूर सहसा शाबूत असतो, वाचणाऱ्यानं चुकीची पद्धत वापरलेली असते. त्या अवस्थेत फाइल सेव्ह करू नका. आणि फाइलमधला पहिलाच शब्द जुळत नसेल, बाकी सगळे जुळत असतील, तर सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह बसलेलं आहे. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या.

जावात दोन स्ट्रिंग दुहेरी बरोबरनं जुळवू नका, इक्वल्स वापरा. दुहेरी बरोबर फक्त ती एकच वस्तू आहे का ते बघतं. जावास्क्रिप्टमध्ये साध्या स्ट्रिंगसाठी रिप्लेस पहिलाच सापडलेला शब्द बदलतो, सगळे बदलायला रिप्लेसऑल. सी मध्ये स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असतो आणि जागा पुरेशी आहे का हे तुम्हीच बघायचं. तिथला गेट्स हा वाचणारा फंक्शन किती वाचायचं ते बघतच नसे. १९८८ च्या मॉरिस वर्मनं, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रामनं, ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला, त्यातली एक हीच होती. सी च्या २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकला.

पायरी ९: स्वतःची वाईट स्ट्रिंगांची फाइल ठेवा

माझ्याकडे एक छोटी फाइल आहे. तिच्यात 'ॲप' दोन्ही रीतींनी, 'दऱ्या' तिन्ही रीतींनी, 'श्री शशी', 'सीमा', मागे स्पेस असलेलं नाव, नुसत्या तीन स्पेस, एक इमोजी, '००७' आणि '१,२००' आहे. नवं फंक्शन लिहिलं की आधी या फाइलीतून जाऊन दाखवायचं. तुम्हाला जी स्ट्रिंग फसवेल ती तिथं भरत जा.

आणि तिच्यात एक ओळ रिकामी ठेवा. रिकाम्या स्ट्रिंगचं पहिलं चिन्ह [०] नं मागितलं तर प्रोग्राम कोसळतो. [:१] नं मागितलं तर मुकाट्यानं रिकामी स्ट्रिंग परत येते.